पेन बदलावं म्हणतो

तुम्हाला म्हणून सांगतो, घरात बोलायची सोय नाही. माझ्या वयाच्या माणसांच्या डोक्यात गुडघा बदलावा की नाही, बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला द्यावी की नाही, असे भारदस्त विषय घोळत असतात; आमच्या सोसायटीत तर या दोन्ही विषयांचे स्वतंत्र व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत आणि काही कर्तबगार माणसं दोन्हींचे अ‍ॅडमिन आहेत. मी मात्र रात्री-अपरात्री पंख्याकडे बघत पडलेला असतो आणि निब स्टीलची घ्यावी की सोन्याची, फाइन घ्यावी की मीडियम, टोपण आट्यांचं बरं की खटक्याचं, याची मनातल्या मनात उलटतपासणी चालू असते. मला शाईपेन बदलायचं आहे. म्हणजे, बदलायचं आहे की नाही ते ठरवायचं आहे.

बरं, मी लिहितो तरी काय? दुधाचा हिशेब, वाणसामानाची यादी, लग्नाच्या अहेराच्या पाकिटावर नाव, कुरिअरवाल्याकडे सही (तीही हल्ली त्याच्या मोबाइलच्या काचेवर बोटाने करायची असते), आणि एका दिवाळी अंकासाठी एक लेख, जो संपादकांना दर वर्षी ‘पुढच्या अंकाला नक्की’ या बोलीवर मिळतो. एवढ्या साहित्यसेवेला पेन्सिलचं बुटकंसुद्धा पुरून उरेल. पण घोडं पेंड खातंय ते पेनापाशीच, अशी माझी समजूत आहे. पेन चांगलं असतं तर मी काय काय लिहिलं असतं, या विषयावर मी तासभर सहज बोलू शकतो. बोलायला पेन लागत नाही.

सध्याचं पेन ७५ रुपयांचं. ड्रॉपरने शाई भरायचं, पोटात मावेल तेवढी रिचवणारं. दुकानदाराने ते देताना ‘जेल पेन नको का?’ असं काळजीने विचारलं होतं, पण मी बाणेदारपणे ‘शाईचंच’ म्हणालो. या पेनाचा स्वभाव असा की सकाळी ते उठत नाही. निब कागदावर दोन-चारदा घासावी, टोपण लावून काढावं, निबेवर हा:ऽ करून वाफ सोडावी, आणि काहीच चालेना म्हणजे झटकावं. झटकलं की शाई येते. ती कागद सोडून सगळीकडे येते. एकदा ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली. आता आमच्याकडे दुधाचे खाडे त्याच कॅलेंडरवर निळ्या ठिपक्याने मांडायची पद्धत आहे, ती तुमच्याही घरात असेलच. महिनाअखेरीला हिशेब करताना हिला मधल्या आठवड्यात ओळीने खाडे दिसले. दूधवाला शपथेवर सांगत होता की तो एकही दिवस चुकलेला नाही, ही ठिपक्यांवर बोट ठेवून सांगत होती की लेखी पुरावा आहे, आणि मी आतल्या खोलीत पेपर वाचत होतो. तो पेपर कालचा होता.

पेन असं का वागतं याचा मी सखोल अभ्यास केला. मूळ काम सोडून भोवतालच्या सगळ्या गोष्टींचा अभ्यास करणं हा माझा पिंडच आहे. तर मंडळी, शाई पेनातून खाली ‘पडत’ नाही. निबेखाली जी काळी जीभ असते तिच्यावर केसाएवढ्या बारीक खाचा असतात. केशाकर्षणाने शाई त्यांतून निबेच्या चिरेपर्यंत येते, आणि जेवढी शाई बाहेर जाईल तेवढी हवा आत यावी लागते. शाई खाली, हवा वर, अशी ही दुतर्फा वाहतूक. वॉटरमन नावाच्या अमेरिकन विमा एजंटाने १८८४ साली या युक्तीचं पेटंट घेतलं. ऐन सहीच्या वेळी करारपत्रावर शाई सांडून त्याचं गिऱ्हाईक गेलं म्हणून तो पेटून उठला, अशी आख्यायिका आहे. माझीही अशी बरीच गिऱ्हाइकं गेली असती. नव्हतीच, म्हणून वाचली.

आता ड्रॉपरच्या पेनात शाई संपत आली की पोटात हवाच जास्त उरते. तळहाताच्या उबेने ती हवा फुगते आणि उरलीसुरली शाई ढकलून देते. यालाच आपण ‘पेन ओकलं’ म्हणतो. म्हणजे लिहिता लिहिता पुढचं वाक्य काय असावं म्हणून मी पेन हातात धरून थांबलो की ते तापतं, आणि जितका विचार खोल तितका डाग मोठा. माझ्या हस्तलिखितात जिथे जिथे मी चिंतन केलंय, तिथे खालचा मजकूर लागत नाही.

खिशातल्या पेनाची कथा तर सांगू नये अशी आहे. डोंबिवलीहून सकाळच्या फास्ट लोकलने ज्यांनी प्रवास केलाय त्यांना ठाऊक आहे की त्या गर्दीत माणूस स्वतःच्या इच्छेने श्वाससुद्धा घेत नाही, शेजारच्याने सोडला की आपण घ्यायचा. अशा वेळी माझ्या छातीला छाती लावून उभ्या असलेल्या एका सद्‌गृहस्थांच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर, बरोबर माझ्या खिशाच्या समोर, एक निळं बेट हळूहळू वर येताना मला दिसलं. ते बेट आधी रुपयाएवढं होतं, मुंब्र्यापर्यंत बशीएवढं झालं. गृहस्थ डोळे मिटून हरिपाठ म्हणत होते. मला दादरला उतरायचं होतं. मी ठाण्यालाच उतरलो.

माझ्या शर्टावर घरी उपचार झाले. शाईच्या डागाला दूध लावावं असं आई म्हणाली, लिंबू-मीठ चोळावं असं ही म्हणाली, आणि कोणालाच दुखवू नये म्हणून मी दोन्ही केलं. दुधावर लिंबू पिळल्यावर काय होतं हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. डाग होता तिथेच राहिला. खिशात पनीर झालं.

इथे कोणीही शहाणा माणूस बॉलपेन घेऊन मोकळा झाला असता. पण आमच्या शाळेत बॉलपेनला बंदी होती; ‘अक्षर बिघडतं’ असं गुरुजी सांगायचे. माझं अक्षर बॉलपेन हातात येण्याआधीच बिघडलेलं होतं, पण संस्कार ते संस्कार. बाकावर शेजाऱ्याकडून शाईचे थेंब उसने घ्यायचे, वहीवर डाग पडला की खडूच्या तुकड्याने टिपायचा, आणि वर्गातल्या एखाद्या श्रीमंत मुलाच्या खिशाला सोनेरी टोपणाचं ‘हीरो’ दिसलं की त्याच्याशी उगाच गोड बोलायचं. तेव्हापासून मनात आहे की आपणही कधीतरी बरं पेन घ्यावं. ही इच्छा मी इतकी वर्षं सांभाळली, की आता ती पुरी करायची म्हटलं तर जपून ठेवलेलं काहीतरी मोडतोय असं वाटतं.

म्हणून आधी माहिती काढली. एक शंभर पानी वही आणली आणि तीत पेनांविषयीच्या नोंदी त्याच गळक्या पेनाने करायला घेतल्या. मुंबईत दांडेकर बंधूंनी १९३१ साली शाईची पूड विकायला सुरुवात केली ती घोडा छाप. पुढे त्यांची ‘कॅमल’ घरोघरी गेली. बघा, शाईसुद्धा घोड्यावरून उंटावर गेली, आणि मी आहे तिथेच, म्हणजे उंटावरचा शहाणा. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी स्वदेशी शाईपेन बनवून गांधीजींना दिलं, आणि १९३५ साली गांधीजींनी ते वापरून पाहून परदेशी पेनांना चांगला पर्याय आहे असं त्यांना कळवलं. पेन पसंत करायला गांधीजींना एक पत्र पुरलं. मला शंभर पानी वही अपुरी पडली.

कारण पुढे पुढे विषय फार अवघड होतो. एक जर्मन कंपनी निबेवर ४८१० हा आकडा कोरते, ती मॉं ब्लां शिखराची मीटरमधली उंची. एका जपानी पेनाचं नावच ३७७६, ती फुजी पर्वताची. हे वाचून माझा स्वाभिमान जागा झाला आणि आपल्याकडे कोणी १६४६ कोरून ‘कळसूबाई’ पेन का काढत नाही, या विषयावर मी वहीची चार पानं भरली. मग लक्षात आलं की मी कळसूबाईला गेलेलो नाही. बारीला पायथ्याशी पिठलं-भाकरी खाऊन परत आलो होतो. माझ्या निबेवर फार तर पायथ्याची उंची कोरावी लागेल.

मग निबेचा जाडेपणा. जपानी फाइन युरोपातल्या फाइनपेक्षा बारीक असते, कारण त्यांच्या एकेका अक्षरात रेघांची दाटी फार. आता आपल्या देवनागरीला कुठली? ‘ज्येष्ठ’ लिहिताना जाड निब वापरली तर ‘ष्ठ’चं पोट बुजतं आणि बारीक वापरली तर चष्मा लागतो. मला तो तसाही लागतो. मी रोज सकाळी फाइनचा असतो आणि संध्याकाळी मीडियमचा होतो.

पण खरा कळीचा मुद्दा निघाला तो सोन्याचा. स्टीलच्या निबेचं बरं पेन तीनेक हजारांत येतं. सोन्याच्या निबेचं घ्यायचं तर दहा-पंधरा हजारांच्या पुढे बोलायचं. सोन्याच्या निबेवर बहुधा ५८५ असा शिक्का असतो, म्हणजे हजारात ५८५ भाग सोनं, चौदा कॅरेट. आणि गंमत पुढेच आहे. सोनं मऊ असल्यामुळे निबेच्या टोकाला ऑस्मियम, इरिडियम, रुथेनियम असल्या कठीण धातूंच्या मिश्रणाचा एक बारीक मणी जोडलेला असतो आणि कागदावर घासतो तो हा मणी. स्टीलच्या चांगल्या निबेलाही असाच मणी असतो. म्हणजे एवढे पैसे मोजून जे सोनं घ्यायचं, ते कागदाला कधी लागतच नाही.

हे ज्ञान मी रात्री जेवताना जाहीर केलं. करायला नको होतं, पण भात होईपर्यंत शांतता होती.

“सोनं?” आईचा घास हातातच राहिला. तिला एरवी कमी ऐकू येतं. “किती कॅरेट?”

“चौदा.”

“चौदा! म्हणजे सुवर्ण नियंत्रणातलं?” आईचं लग्न १९६३ सालच्या त्या नियमानंतरचं, ज्यात चौदा कॅरेटच्या वरचे दागिने घडवायला बंदी होती. “माझ्या पाटल्या त्याच. वर्षभरात रंग गेला. सासूबाई म्हणायच्या, सून सोन्याची आहे पण पाटल्या पितळेच्या. तू नको रे त्या फंदात पडू.”

“वजन किती आहे?” ही.

“निबेत असून असून किती असणार? दोन-चार गुंजा.”

“आणि दहा-पंधरा हजार? म्हणजे घडणावळच केवढी घेतायत! मोडायला नेलं तर सराफ घट धरून किती देईल?”

“अगं, पेन मोडायला कोण नेतं?”

“अडीअडचणीला माणूस काहीही मोडतो,” आई म्हणाली, आणि दोघींनी एकमेकींकडे पाहून माना डोलावल्या. आमच्या घरात या दोघींचं एकमत अशा फार थोड्या विषयांवर होतं आणि त्या सगळ्यांत मी असतो.

मुलगी मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, “बाबा, राज्यघटनेची मूळ इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादांनी टाकाच्या निबेने हाताने लिहिलीय. अख्खी. तुमच्या लेखाला काय होतंय?”

आता या सगळ्या आघाडीला तोंड द्यायची माझी तयारी होती. वहीच्या शेवटच्या पानांवर मी मुद्दे काढून ठेवले होते: एका चांगल्या पेनात आयुष्यभराची किती बॉलपेनं वाचतात, प्लॅस्टिकचा कचरा कसा कमी होतो, शिवाय दसऱ्याला पाटीपूजनाला काहीतरी बरं ठेवता येतं. मी घसा खाकरला. तेवढ्यात ही म्हणाली, “घ्या हो. एवढं मनात आहे तर घेऊन टाका एकदाचं. आयुष्यात स्वतःसाठी काय घेतलंत तुम्ही?”

मी पार खचलो. विरोध असता तर मी निकराने लढलो असतो, हरलो असतो, आणि पुढची दहा वर्षं ‘माझं पेन राहिलंच’ म्हणून सुखाने हळहळलो असतो. पण परवानगीपुढे माणसाचं काही चालत नाही. त्या रात्री मला सगळ्या प्रकारच्या निबा स्वप्नात आल्या आणि सगळ्यांनीच ‘किती पानं लिहिणार?’ असं विचारलं.

ऑफिसातल्या एका मित्राला माझी दया आली. त्याच्याकडे सोन्याच्या निबेचं पेन आहे, सासऱ्यांनी दिलेलं. “आठवडाभर वापरून बघ,” तो म्हणाला, “फक्त एक कर. कोणाच्या हातात देऊ नकोस. बॉलपेनवाले दाबून लिहितात, निब फाकते.” मी ते पेन रुमालात गुंडाळून, रुमाल डब्याच्या पिशवीत आणि पिशवी पोटाशी धरून घरी आणलं. लिहून पाहिलं. काय सांगू! निब कागदावर टेकली आणि रेघ आपली आपण पुढे गेली, घासणं नाही, झटकणं नाही, हा:ऽ करणं नाही. मी ॥ श्री ॥ लिहिलं. मग पुन्हा ॥ श्री ॥ लिहिलं. पुढे काय लिहायचं ते न सुचल्यामुळे आणखी काही वेळ ॥ श्री ॥ च लिहीत राहिलो.

आणि नेमकं त्याच आठवड्यात आईच्या ठेवीचा फॉर्म भरायला बँकेत जावं लागलं. एप्रिल महिना. ज्यांनी एप्रिलमध्ये सरकारी बँकेची शाखा पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: ठेवीच्या व्याजातून टीडीएस कापू नये म्हणून परिसरातले सगळे ज्येष्ठ नागरिक हा फॉर्म भरायला एकाच वेळी येतात, आणि त्यांतल्या निम्म्यांकडे चष्मा नसतो नि उरलेल्यांकडे पेन नसतं. काउंटरला बांधलेली सुतळी होती. सुतळीला पेन नव्हतं.

मी कोपऱ्यात उभा राहून खिशातलं ते पेन काढलं आणि टोपण फिरवलं. बस्स. एक आजोबा शेजारी येऊन उभे राहिले. “जरा पेन देता?”

आता मला सांगा, ‘नाही’ कसं म्हणायचं? मी आयुष्यात कोणाला नाही म्हटलेलं नाही. म्हणूनच मी सोसायटीचा खजिनदार आहे. पण मित्राचे शब्दही कानात होते. या पेचातून मी झटक्यात एक मार्ग काढला, जो त्या क्षणी मला फार हुशारीचा वाटला. “तुम्ही कशाला त्रास घेता?” मी म्हणालो, “सांगा, मी लिहितो.”

आजोबांनी सांगितलं, मी लिहिलं. नाव, पॅन, जन्मतारीख, ठेवीचा नंबर, अंदाजे उत्पन्न; हे अंदाजे उत्पन्न सांगताना त्यांनी आवाज खाली आणला आणि मला कानाजवळ बोलावलं. मग त्यांच्या मागच्या आजी आल्या. मग आजींच्या बहीण. मग एक निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांनी प्रत्येक शब्दाचं स्पेलिंग सांगितलं. मी मान वर केली तेव्हा माझ्या टेबलापुढे रांग होती आणि ती कॅशच्या रांगेपेक्षा लांब होती. दारातला वॉचमन नव्या येणाऱ्यांना सांगत होता, “फॉर्मसाठी तिकडे, ते काका भरून देतात.” कोणीतरी मला पाण्याचा ग्लास आणून दिला. एका गृहस्थांनी खिशात हात घालून अदबीने विचारलं, “किती घेता?”

दीडेक तास मी साऱ्या गावच्या ठेवी तुळशीवृंदावनाला पाणी घालावं तशा नेमाने लिहीत होतो. पेन एकदाही अडलं नाही. मग काउंटरवरून पहिला गठ्ठा परत आला.

“हे कोणी भरलंय?” आतल्या मॅडमनी फॉर्म हवेत धरून विचारलं. “हा एक आहे की सात? हे नाव आहे की सही? यांची जन्मतारीख पुढच्या वर्षीची आहे!”

मी सवयीने तोंड उघडलं, ‘अहो, पेन जरा…’ आणि तसंच मिटलं. पेन जरा काहीही नव्हतं. शाई फुटली नव्हती, गळली नव्हती, रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी, चकचकीत, ठळक होती. कागदावर होतं ते फक्त माझं अक्षर. इतकी वर्षं डाग, शिंतोडे आणि तुटक रेघा यांच्या आड ते लाजून बसलेलं होतं. आज चौदा कॅरेटच्या उजेडात ते पहिल्यांदा चारचौघांत आलं.

रांगेतल्या सगळ्या ज्येष्ठांनी माझ्याकडे एक समजूतदार नजर टाकली आणि नव्या फॉर्मसाठी हात पुढे केले. पहिल्या आजींनी शांतपणे पर्सची चेन उघडून एक बॉलपेन काढलं. “माझ्याकडे होतं हो,” त्या म्हणाल्या, “पण तुम्ही इतक्या हौसेने लिहीत होता, म्हटलं कशाला मोडता घाला.”

मित्राचं पेन मी दुसऱ्याच दिवशी परत केलं. पण परवानगी अजून शिल्लक होती, आणि घरात रोज ‘काय झालं पेनाचं?’ अशी विचारणा व्हायची, एखाद्याच्या ठरत आलेल्या लग्नाची व्हावी तितक्या आस्थेने नसली तरी तितक्याच वेळा. शेवटी एका शनिवारी फोर्टात गेलो. तिथे एका गल्लीत पेनांचं जुनं दुकान आहे. काचेच्या कपाटांत मखमलीवर पेनं झोपवलेली, आणि गल्ल्यावर डोळ्याला भिंग लावलेले वयस्कर मालक. काउंटरवर पेन चालवून बघायला एक पॅड होतं. त्यावर आधीच्या गिऱ्हाइकांनी सह्या, ॐ, गिरक्या काढलेल्या. एकाने तर पिनकोडसकट पूर्ण पत्ता लिहिलेला. मी ॥ श्री ॥ लिहिलं. त्यात मी आता तरबेज आहे.

“काय लिहिता आपण?” मालकांनी विचारलं.

“लेखन,” मी म्हणालो.

“रोज साधारण किती पानं? त्यावर निब ठरते.”

“मनात बरीच होतात.”

त्यांनी भिंग काढून माझ्याकडे पाहिलं. मग त्यांची नजर माझ्या खिशाकडे गेली, तिथल्या जुन्या डागाकडे गेली, आणि डागातून वर आलेल्या ७५ रुपयांच्या टोपणाकडे गेली. “ते दाखवा बघू.”

मी दाखवलं. त्यांनी आटे फिरवून ते उघडलं, निब आणि जीभ अलगद उपसली, भिंगातून बघितली आणि विचारलं, “शेवटचं कधी धुतलंत?”

“पेन धुतात?”

मालक काही बोलले नाहीत. आतून नोकराने स्टीलच्या वाटीत गार पाणी आणलं. त्यात त्यांनी जीभ बुडवली आणि पाणी निळं झालं. ते ओतलं, पुन्हा घेतलं, पुन्हा निळं. मग त्यात हिरवट काहीतरी आलं, मग जांभळं, आणि शेवटी एक बारीक केसाळ काडी निघाली. मी वेगवेगळ्या दौतींतल्या शाया एकत्र केल्या होत्या, वर पुरवठ्याला पडावी म्हणून पाणी घातलं होतं, आणि ते सगळं जिभेच्या खाचांत वाळून बसलं होतं. शाईला यायला वाट नाही, हवेला जायला वाट नाही; मग दोघं मिळून एकदम बाहेर पडणार नाहीत तर काय करतील? मालकांनी निब फडक्याने टिपली, आट्यांना बोटाच्या टोकाने किंचित ग्रीस लावलं, ड्रॉपरने शाई भरली आणि पेन माझ्या हातात दिलं.

निब टेकली. रेघ आली. पुन्हा टेकली, पुन्हा आली.

“काही घेऊ नका,” मालक म्हणाले. “हे पेन चांगलं आहे. आणखी पुष्कळ चालेल.”

“पण सोन्याच्या निबेचं…”

“पाच-पन्नास पानं लिहा याने. मग या. चहा पाजतो आणि पेन देतो.” पाण्याचे काय पैसे घ्यायचे म्हणून त्यांनी पैसेही घेतले नाहीत. भिडेखातर मी शाईची एक दौत घेतली आणि बाहेर पडलो. तुम्हाला वाटेल मला आनंद झाला असेल. चर्चगेटला जावं की सीएसएमटीला, हेसुद्धा मला काही वेळ सुचेना. इतक्या वर्षांची सोय त्या माणसाने एका वाटीभर पाण्यात बुडवली.

घरी आल्यावर हिने विचारलं, “घेतलंत?”

“गरज नाही म्हणाले. हेच धुऊन दिलं. छान चालतंय.”

“मग बसा की लिहायला,” ही म्हणाली, आणि माझ्यासमोर चहा ठेवला, कागद ठेवले, मुलीला टीव्हीचा आवाज कमी करायला सांगितला, आईने तर जपमाळसुद्धा आतल्या खोलीत नेली. घरात अशी शांतता मी दहावीच्या वर्षीही अनुभवली नव्हती. मी टोपण काढलं. पेन गळलं नाही, अडलं नाही, ओकलं नाही. निबेच्या टोकाला शाई अगदी तयार होती, नुसती माझी वाट बघत होती. मी कोऱ्या कागदाकडे बघितलं. कागदाने माझ्याकडे बघितलं. पहिलं अक्षर काढण्यासाठी मी कोपर टेबलावर नीट टेकवलं, जरा भार दिला, काढून घेतला, पुन्हा दिला, आणि तेव्हा कुठे मला कळलं की इतके दिवस लेख का होत नव्हता.

आमचं टेबल डुगडुगतं.